रेसच्या मैदानातल्या वन्सं

आमच्या वन्सं गेल्या त्याला आता दीड महिना होईल. सकाळी मी पोळ्या करत होते आणि निखिलचा, माझ्या मुलाचा, हॉस्पिटलातून फोन आला. "आई, आत्या गेली गं," एवढंच म्हणाला. मी गॅस बंद केला, परत लावला, परत बंद केला... तव्यावरची पोळी कधी करपली ते कळलंच नाही. दुपारी आमच्या ह्यांनी पेपरात द्यायचा मजकूर लिहायला घेतला. थोरल्या बहिणीबद्दल माणूस काय लिहिणार? 'मनमिळाऊ, शांत व धार्मिक वृत्तीच्या' असं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. त्या रडारडीतही मला हसू फुटलं. म्हटलं, "अहो, कोणाबद्दल लिहिताय हे? वन्संनी ऐकलं तर उठून बसतील!" कारण वन्सं शांत कधीच नव्हत्या. मनमिळाऊ तर त्याहून नव्हत्या, चांगल्या फटकळ होत्या. देवळातही क्वचित जायच्या, कारण सुट्टीच्या दिवशी त्यांना वेळ नसायचा. रविवारी आमच्या वन्सं मोटारसायकलच्या रेस बघायला जायच्या. हसू नका, खरं सांगतेय.

नाव विमल. लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. खडकीच्या फॅक्टरीत ऑफिसात नोकरी, इस्त्रीची कॉटनची साडी, डब्यात रोज दोनच पोळ्या. नव्वदीच्या सुरुवातीला मी अकोल्याहून लग्न होऊन बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आले. त्यांना 'ताई' म्हणाले, तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "आमच्याकडे वन्सं म्हणतात." म्हटलं, म्हणू बाप्पा, वन्सं तर वन्सं. आमच्या माहेरी सगळे मोठ्याने बोलतात, मोठ्याने हसतात. इथे मी स्वयंपाकघरातून काही विचारलं की वन्सं पेपरातून डोकं न काढता म्हणायच्या, "संगीता, हळू. अकोल्यापर्यंत ऐकू जायची गरज नाही." आमचे हे सेकंड शिफ्टला, सासूबाई जपाला बसलेल्या, आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडणार. वाटायचं कोणाला कळत नाही. एका रविवारी वन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जुनी साडी नेस. डाग पडले तरी जीव जाणार नाही अशी." मला वाटलं, कुठलं तरी गोदाम झाडायला नेतायत.

त्यांच्या मोपेडवर मागे बसून आम्ही कुठल्या कुठे गेलो. तेव्हा गावाबाहेर म्हणजे खरोखरच गावाबाहेर असायचं. एक नांगरून सपाट केलेलं रान, त्यात लंबगोल मातीचा ट्रॅक, टँकरने पाणी मारून चिखल केलेला, वळणावळणावर जुने टायर रचलेले आणि भोवती बांबू आणि दोरीचं कुंपण. आणि गर्दी! मी विचारलं, "इथे काय आहे?" म्हणाल्या, "कळेल." झेंडा पडला आणि दहा-बारा गाड्या एकदम सुटल्या, तो आवाज कानांत नाही, सरळ छातीत शिरला. वळण आलं की ती पोरं गाडी पार आडवी करायची, डावा पाय चिखलात टेकवायची आणि मागचं चाक घसरवत, चिखलाचा फवारा उडवत पुढे जायची. आम्ही कुंपणाला अगदी खेटून उभ्या. पहिल्याच फेरीला तो फवारा सपकन माझ्या तोंडावर, साडीवर, मंगळसूत्रावर... मी वन्संकडे पाहिलं. त्यांच्याही चष्म्यावर चिखल. तो न पुसताच म्हणाल्या, "पुण्यात स्वागत आहे. आता ओरड. इथे अकोल्यापर्यंत गेलं तरी चालेल." आणि मी ओरडले की हो! लग्नानंतर पहिल्यांदा पोटभर ओरडले. घरी आल्यावर सासूबाईंनी आम्हा दोघींचा अवतार बघितला आणि जपमाळ उचलून आत गेल्या.

त्यांना हे वेड लागलं कसं? ऑफिसात कोणीतरी फुकट पास वाटत होतं. "पास वाया घालवायचा जिवावर आलं म्हणून गेले," असं सांगायच्या. दुसऱ्या वेळी रांगेत उभं राहून तिकीट काढलं, हे मात्र सांगायच्या नाहीत. त्यांची जागा ठरलेली, शेवटच्या वळणापाशी. तिथे उभ्या राहून फॅक्टरीतल्या सीनियर क्लार्क विमलबाई साडीचा पदर खोचून ओरडायच्या, "सोड! गाडी सोड! ब्रेकला हात लावलास तर घरी जा!" पोरांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत, छातीवरचे नंबर तेवढे ठेवले. "बाविसाला डावं वळण येत नाही." "सोळा नंबर पुढच्या वर्षी जिंकतो की नाही बघ." एखादा जपून चालवणारा दिसला की म्हणायच्या, "हा पोस्टात नोकरीला बरा." कोणी पडलं की आम्ही सगळेच 'आई गं' म्हणायचो. पोरगं उठून गाडीला किक मारायला लागलं की टाळ्या, आणि मग पुढची फेरी. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मनातही आलं नाही.

वर्षं गेली. कुंपणावर आधी स्पेअर पार्टच्या दुकानांची कापडी फडकी असायची, तिथे मोबाइल कंपन्यांचे चकचकीत बोर्ड आले. गॅरेजात ठाकठोक करून पळायला तयार केलेल्या जुन्या गाड्यांच्या शेजारी परदेशी गाड्या दिसायला लागल्या. ज्यांच्या रानात रेस व्हायची ते तात्या आम्हाला ओळखायला लागले होते. एकदा म्हणाले, "ताई, औंदा शेवटची रेस हाय हितली. पुढल्या साली बिल्डिंगा उभ्या ऱ्हातील." वन्संनी विचारलं, "मग पोरांनी गाड्या कुठे पळवायच्या?" "पळवतील की पार्किंगमदी," तात्या म्हणाले. मैदान लांब लांब सरकत गेलं आणि आम्ही त्याच्या मागे मागे गेलो. निखिल झाला तेव्हा त्यालाही कानांत कापसाचे बोळे घालून वन्संनी कडेवर घेतलं. बोलायला लागायच्या आधी तो गाडीचा आवाज काढायचा. मला कौतुक वाटायचं. आईबापांना कशाचं कौतुक वाटेल काही सांगता येत नाही.

तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. वन्सं तेव्हा रिटायर होऊन कर्वेनगरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहात होत्या. याचं कॉलेज तिथेच, म्हणून दुपारचं जेवण आत्याकडे. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "मला रेसला उतरायचंय. मित्राची गाडी आहे." हे ताडकन 'नाही' म्हणाले. निखिल म्हणाला, "आत्या हो म्हणेल. चला तिच्याकडे." आम्ही तिघं कर्वेनगरला गेलो. त्याने सगळं सांगितलं. वन्सं ऐकून घेऊन म्हणाल्या, "चहा कोणाकोणाला?" आणि आत गेल्या त्या किती वेळ बाहेरच येईनात. चहा ठेवून खुर्चीत बसल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "वीस वर्षं मी लोकांच्या पोरांना 'सोड, सोड' म्हणून ओरडतेय," त्या म्हणाल्या, "आता घरच्याला कुठल्या तोंडाने 'नको' म्हणू?" मग माझ्याकडे वळल्या. "पण संगीता, आई तू आहेस. तू नाही म्हणालीस तर नाही. मी मध्ये पडणार नाही."

मी हो म्हटलं. लोक विचारतात, कसं म्हणवलं? निखिलकडे बघून म्हटलं नाही मी, तो तर हट्टीच आहे. वन्संकडे बघून म्हटलं. मी 'नाही' म्हणाले असते तर त्यांचे ते सगळे रविवार खोटे ठरले असते. मला नळ सोडून रडताना ज्यांनी बाहेर काढलं, त्यांचा आनंद मी दुसऱ्यांच्या पोरांपुरताच ठेवू? तो आनंद जसा त्यांचा तसा माझाही होता.

त्या रविवारी आम्ही नेहमीच्या वळणापाशी उभ्या राहिलो. निखिलचा नंबर बेचाळीस. झेंडा पडला, गाड्या सुटल्या, आणि वन्संनी ट्रॅककडे पाठ केली. मला आधी कळेचना. बांबू दोन्ही हातांनी मागे घट्ट धरलेला, तोंड मागच्या ज्वारीच्या रानाकडे. "वन्सं, अहो, आला तो!" "मला नाही बघवत," त्या म्हणाल्या, "तू सांग." "काय सांगू?" "कुठाय ते सांग ना बाई!" मग मी सांगायला लागले, माझ्या अकोल्याच्या गळ्याने. वळणात शिरला... आडवी केली... आहे, गाडीवर आहे... मागून दोघं आले, एक पुढे गेला... वन्संचे ओठ हलत होते, शब्द नाही. तिसऱ्या फेरीला पुढच्याचं चाक सरकलं आणि निखिल त्याच्यावर. "पडला," मी म्हटलं. वन्सं वळल्या नाहीत. मान आणखी खाली घातली. "उठला?" मी टाचा उंचावून बघत होते. "संगीता, उठला का?" "उठतोय... थांबा... उठला. उठला वन्सं! गाडी उचलतोय." त्यांनी बांबू सोडला आणि तिथेच चिखलात फतकल मारून बसल्या. निखिल शेवटून दुसरा आला. चिखलाने माखलेला, हसत हसत आमच्याकडे धावत आला, तेव्हा वन्सं उठून साडी झटकत म्हणाल्या, "ब्रेकला हात का लावलास?" आणि मग त्याला मिठी मारून रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

परत येताना आम्ही रिक्षा केली. स्वारगेटच्या सिग्नलला एकदम म्हणाल्या, "इतकी वर्षं त्या पोरांच्या आया कुठे असायच्या गं? मी कधी मागे वळून बघितलंच नाही."

पुढच्या रेसला गेल्या गेल्या त्या वळणापाशी न थांबता सरळ रेसवाल्यांच्या तंबूंच्या मागे गेल्या. तिथे होत्या आया. टेम्पोच्या सावलीला चटया टाकून, ट्रॅककडे पाठ करून बसलेल्या. कोणी कानांत बोटं घातलेली, कोणी उगाच पर्स आवरतेय, कोणी नुसतीच घाम पुसतेय. वन्सं त्यांच्यात जाऊन बसल्या. "तुमचा कुठला नंबर?" एकीला विचारलं. मग उठून दोरीपाशी गेल्या आणि तिथून त्या बाईला सांगायला लागल्या, तुमचा पाचवा आहे, वळण नीट घेतलं, आता सरळ रस्ता आहे... स्वतःच्या भाच्याकडे बघायची हिंमत नव्हती, पण दुसऱ्यांच्या पोरांवरून नजर हलू द्यायच्या नाहीत. निखिलचं मी सांगायचे, बाकीच्यांचं त्या. माझं एकदा चुकलं. एक पोरगं आपटलं आणि मी त्याच्या आईला म्हटलं, "काही नाही, काही नाही झालं." वन्संनी मला बाजूला घेऊन झापलं. "खोटं सांगायचं नाही. पडला तर पडला म्हणायचं. आयांना आवाजावरून कळतं, आणि मग त्यांचा आपल्यावरचा भरवसा जातो. तो राहिला नाही तर त्या बघणार कोणाच्या डोळ्यांनी?"

निखिल पाच-सहा रेस पळाला. मग नोकरी लागली, हिंजवडीची बस, रात्री अमेरिकेशी मीटिंगा. गाडी मित्राला परत गेली. आता तो स्कूटरवरून इतका हळू जातो की मलाच मागे बसून कंटाळा येतो. मी सुटले, मला हायसं वाटलं. मला वाटलं, वन्सं आता परत आपल्या वळणापाशी जातील. नाही गेल्या. गुडघे दुखायला लागले तरी घडीची खुर्ची घेऊन जायच्या त्या तंबूंच्या मागेच. मी एकदा विचारलं, "अहो, तुम्हाला तिथली मजा आठवत नाही का?" म्हणाल्या, "न आठवायला काय झालं? पण तिथे ओरडायला हजार माणसं आहेत. माझ्यावाचून कोणाचं अडलंय?"

शेवटची भेट हॉस्पिटलात. हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी फार बोलू नका म्हणून सांगितलेलं, आणि त्या काही ऐकताहेत? "इथे चहा म्हणून गरम पाणी देतात," मला म्हणाल्या, "आणि पाणी म्हणून तेच गार करून." मी हसले तर म्हणाल्या, "हळू. पेशंट आहेत इथे." दुसऱ्या दिवशी निखिलचा तो फोन आला.

परवाच्या रविवारी मी निखिलला म्हटलं, मला रेसला ने. तो काही विचारत बसला नाही, कार काढली. आता मैदान इतकं लांब आहे की जाताना टोल लागतो. तो मित्रांना भेटायला गेला आणि मी माझ्या नकळत तंबूंच्या मागे गेले. नवीन बायका, नवीन तरुण आया, जीन्समधल्या, गॉगल लावलेल्या, पण पाठ मात्र तशीच ट्रॅककडे. एकीच्या शेजारी बसले. हातातला फोन ती नुसताच उलटासुलटा करत होती. "तुमचा कुठला नंबर?" मी विचारलं. "सव्वीस," ती म्हणाली, "फर्स्ट टाइम नाहीये त्याची, पण मला अजून नाही बघवत हो, काकू." मी उठून दोरीपाशी गेले. झेंडा पडला. दोरी धरून बघत होते. म्हटलं, आहे, तुमचा चौथा आहे. वळण छान घेतलं. आता समोरच्या बाजूला गेलाय, हेल्मेट दिसतंय, नीट आहे... ती ऐकत होती. मग तिच्या काय मनात आलं कोण जाणे, पाठमोरीच म्हणाली, "काकू, त्या सांगणाऱ्या काकू असायच्या ना इथे, चष्मेवाल्या? मागच्या वेळी पण नव्हत्या. बऱ्या आहेत ना त्या?"

सव्वीस नंबर शेवटच्या वळणात शिरत होता.

"थांबा," मी म्हटलं, "आधी तुमचा येऊ दे."