चिखलाचे टायर

रायपूर नवीन-नवीन राजधानी झालं, तेव्हा आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या शेजारच्या गृहस्थांनी डोंगरात चालवायची सायकल घेतली. अख्ख्या शहरात चढ म्हणाल तर रेल्वेचा पूल! तरी हे बूड उचलून, कोपरं फाकवून दूध आणायला निघत. सीटवरची प्लास्टिकची पन्नी वर्ष झालं तरी काढली नव्हती. गिअर कधी बदलत नसत. "घासतात नं, भैया!" टायर मात्र खास चिखलाचे, जाड दातांचे, नागपूरहून मागवलेले.

एकदा आम्ही दोघं गुढियारीला निघालो, तर वाटेत सगळा चिखल. मी माझ्या जुन्या सायकलवरून उतरणार, तोच मागून हुकूम आला, "उतरून काहून राहिले? वजन मागं टाका! ब्रेकले हात लावू नका! पायडल मारत राहा!"

मी मारत राहिलो आणि चक्क पार झालो. वळून पाहतो तर हे सायकल डोक्यावर घेऊन, अनवाणी, घोटाभर चिखलातून येऊन राहिले होते.

"अहो, तुम्ही काहून उतरले?"

"मंग टायर खराब करू काय?"

त्यांनी सायकल कोरड्यात ठेवली, पन्नीवरचा शिंतोडा रुमालानं टिपला आणि माझ्या बरबटलेल्या सायकलीकडे पाहत छाती फुगवून म्हणाले, "पाहिलं नं? टेक्निक बरोबर आहे आपली!"