तिला कृष्णेत सोडायचं होतं

बायको गेल्यावर तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो आणि तिथंच मुलाशी माझं वाजलं. मडक्याला लाल फडकं बांधून झालं तसा तो म्हणाला, आप्पा, इथनंच समुद्रावर जाऊ, गाडी आहेच. मी म्हणालो, समुद्र कशाला? तिला कृष्णेत सोडायचंय. स्मशानातल्या माणसाला मराठी कळत नव्हतं, तरी तो आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिला.

मला कृष्णेत सोडा, असं ती दुखण्यात पडल्यावर बोलली होती. तिनं आयुष्यात माझ्याकडं फारसं काही मागितलं नाही. मागून मिळत नाही हे तिला लवकर कळलं असावं. म्हणून हे एक मी डोक्यात पक्कं धरलं.

आम्ही मूळचे माणदेशातले. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, तसा मीही मिसरूड फुटायच्या आत मद्रासला आलो आणि सौकारपेठेत गलाईच्या भट्टीशी बसलो. शाळा चौथीपर्यंत. पुढं लग्न करून तिला आणलं, तेव्हा तिनं पहिलं काय विचारलं असेल तर नळ. गावात पाण्यासाठी फार चालावं लागतं, तुमच्या शहरात दारात नळ असेल ना? मी हो म्हणालो. नळ होता. त्याला पाणी नव्हतं.

आमच्या बोळात सरकारी पाणी जमिनीखालच्या नळातनं यायचं, पण वर चढायचं नाही. म्हणून घराच्या दारात हातपंप बसवलेला. बाया येता-जाता त्याचा दांडा हलवून बघायच्या. दांडा हलका लागला तर पुढच्या कामाला जायच्या, जड लागला की एकमेकींना हाका मारायच्या. मग प्लास्टिकचे रंगीत घडे रांगेत. तमिळ बाया, तेलुगु बाया, मारवाडणी, आणि आमची ही एक मराठी. तिथंच ती तमिळ शिकली. भांडायला आधी शिकली, बोलायला मागनं.

गावाकडं कृष्णा आमच्यापासून लांब. ती उसाच्या पट्ट्यातनं वाहायची, आमच्या वाट्याला दगडं आणि बाभळी. पण तिच्या माहेरच्या बाया वर्षातनं एकदा बैलगाडी जुंपून कृष्णेची ओटी भरायला जायच्या. ही आईबरोबर जायची. खण, नारळ, तांदूळ नदीत सोडायचे आणि मग काठाला बसून पोटभर पाणी प्यायचं. पोटभर हा शब्द तिचा. लग्नानंतर ती जे काय माहेरचं बोलायची, त्यात ही नदी यायचीच.

अशी बरीच वर्षं गेली. मग एक दिवस पंपावर तेलुगु शेजारणीनं सांगितलं की आता कृष्णेचं पाणी मद्रासला आलं. आंध्रातनं कालवा खणून आणलं होतं. वरच्या राज्यांनी आपापल्या वाट्यातलं थोडं थोडं द्यायचं कबूल केलं, असं लोक म्हणायचे. मला त्यातलं फार कळत नव्हतं. हिनं शेजारणीला विचारलं, कुठली कृष्णा? महाबळेश्वराची? ती म्हणाली, मला काय ठाऊक, कृष्णा एकच असणार की.

त्या शुक्रवारी मी दुकानातनं जेवायला घरी आलो तर बोळात ही गर्दी. आमच्या हिनं हातपंपाला हळदकुंकू लावलेलं, हिरवा खण पांघरलेला, आणि दांड्याच्या बुडाशी तांदूळ-नारळ ठेवून हात जोडून उभी. तमिळ बायांना वाटलं, हे डोहाळजेवणच. एकीनं विचारलं, अक्का, पंपाला कितवा महिना? सगळ्या बाया हसल्या. ही पण हसली, आणि नारळ फोडून सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. मला मात्र शरम वाटली. समोरचा मारवाडी सोनार माझं गिऱ्हाईक होता, तो दारात उभा राहून बघत होता.

जेवताना ती मला म्हणाली, “माझ्या माहेरच्या रानात कधी आली नाही, आणि इथं मेली एवढं लांब आली.”

असं म्हणाली आणि ताटावर बसून रडली. मी भात कालवत राहिलो.

तेव्हापासनं कृष्णेचं पाणी हे तिचं माहेर झालं. एखाद्या उन्हाळ्यात वरनं पाणी सोडलं नाही, कालवा कोरडा पडला, की ती तोंड पाडून बसायची, माहेरचं माणूस येतो म्हणून आलं नाही तशी. पेपरात काय आलंय बघा म्हणायची. मी दुकानात कोणाकडनं वाचून घ्यायचो आणि येऊन सांगायचो, धरणात आहे पण सोडत नाहीत, किंवा त्यांच्याकडंच नाही तर देतील कुठनं. ती म्हणायची, सगळ्यांना पाजून उरेल तेवढं तिनं द्यायचं, ती तरी किती जणांना पुरणार. नदीची बाजू घेऊन बोलायची. माझी बाजू घेऊन अशी कधी बोलली नाही.

तर तिला कृष्णेत सोडायचं म्हणजे गावाकडच्या घाटावर, असं मी धरून चाललो होतो. मडकं घरात ठेवत नाहीत. आता आम्ही इथंच मद्रासात अड्यारला मुलाकडं राहतो, तो गाड्यांच्या कंपनीत आहे. त्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी आहे, तिला मडकं टांगलं. आणि तिच्या भावाला फोन लावला.

तो आधी रडला. मग म्हणाला, “दाजी, या म्हणायला लाज वाटते. नदीला पाणी नाही. आहे त्यात शेवाळ आणि जलपर्णी, मासं मरून काठाला लागल्यात. वास मारतोय. तिथं अक्काला कुठं सोडता?”

मी विचारलं, आणि पावसाळ्यात? तो म्हणाला, पूर आला की सगळं धुऊन जाईल, तेव्हा या. पण माझं कंबरेचं हाड निकामी झालंय. डॉक्टरांनी गाडीचा लांबचा प्रवास बंद केलाय. मुलगा म्हणाला, मी एकटा जाऊन सोडून येतो. ते मला नको होतं. तिला मी दुसऱ्याच्या हाती देणार नव्हतो, पोटच्या पोराच्यासुद्धा.

इकडं बिल्डिंगचा सेक्रेटरी वर येऊन गेला. माणूस सभ्य. सुनेला म्हणाला, आम्हाला वाईट वाटतं, पण पिण्याच्या पाण्याच्या टाकीला मडकं टांगलेलं लोकांना बरं वाटत नाही. सुनेनं मला हे सांगितलं तेव्हा मी चिडलो. म्हणालो, तिच्यामुळं कोणाच्या पाण्याला काय होणार आहे? सून चहा ठेवून गेली.

त्याच दिवशी माझ्या डोक्यात आलं की कृष्णा तर इथंच आलेली आहे. कालव्यानं येते, तलावात पडते, मग शहरात. मग गावाकडं कशाला जायचं? तिनं जिची ओटी भरली ती हीच. मुलाला म्हणालो, मला कालव्यावर घेऊन चल. तो नको म्हणेल असं वाटलं होतं. पण त्यानं सुट्टी काढली.

सकाळी निघालो. शहर संपलं, पुढं आंध्राच्या हद्दीजवळ कालवा लागला. सिमेंटचा, रुंद, आणि पाणी वाहत होतं. खरंच वाहत होतं, दोन्ही काठाला धरून. उन्हाळ्यात एवढं पाणी मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. मडकं मांडीवर घेऊन मी बघत बसलो. मुलानं दार उघडून मला उतरवलं. काठाला तारेचं कुंपण होतं, पण एका जागी माणूस जाईल एवढी फट होती आणि खाली उतरायला पायऱ्या. आम्ही पायऱ्यांपर्यंत गेलो.

तेवढ्यात मोपेडवरनं कालव्याचा राखणदार आला. खाकी शर्ट, हातात काठी. लाल फडकं बघून त्याला कळलं. तो ओरडला नाही. मोपेड लावून आला आणि मला तमिळमध्ये पेरियवरे, म्हणजे वडीलधारे, अशी हाक मारून म्हणाला, इथं नाही. मी म्हणालो, माझी बायको आहे. तो म्हणाला, ते दिसतंय, पण हे प्यायचं पाणी आहे. मी त्याला सगळं सांगितलं. आमचं गाव कुठं, नदी कुठली, ओटी काय असते. तमिळ मला मराठीइतकीच येते, त्यामुळं बरंच सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, असं सांगणारे खूप येतात. एकाला सोडू दिलं तर उद्या काठाला मडक्यांची रांग लागेल.

मी म्हणालो, मूठभर राख आहे. एवढ्या पाण्यात कोणाला कळणार? आणि मी फडक्याची गाठ सोडायला लागलो. राखणदारानं माझा हात धरला नाही. त्यानं मुलाकडं बघितलं.

मुलगा म्हणाला, “आप्पा, आई इथं असती तर तिनं तुम्हालाच आत ढकललं असतं.”

आणि तो हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. आई गेल्यापासनं तो रडला नव्हता.

तो कशाबद्दल बोलत होता ते मला कळलं. सगळे तलाव आटले होते त्या साली बोळात टँकर आला होता. बाया ताटकळून बसलेल्या, आणि पहिल्याच घड्यात पाण्याला घाण वास. बाकीच्या म्हणाल्या, राहू दे, उकळून घेऊ. हिनं तो घडा टँकरवाल्याच्या पायाशी रस्त्यावर ओतला. घरात प्यायला थेंब नसताना ओतला. म्हणाली, लोक तोंडाला लावतात त्यात कोणी काय कालवलं तर त्याचा हात तोडीन. त्या दिवशी आम्ही शेजारणीकडनं तांब्याभर मागून आणलं, आणि मी हिला वाटेल ते बोललो.

मी गाठ परत बांधली. नीट बसेना, तर राखणदारानं गाठीवर बोट धरलं आणि मुलानं बांधली. मी पायऱ्यांवर बसून थोडा वेळ पाणी बघितलं. राखणदारानं बसू दिलं.

परत येताना मी मुलाला म्हणालो, ने समुद्रावर.

अड्यारच्या पुढच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पोरं पतंग उडवत होती, एक बाई भाजलेली कणसं विकत होती. मुलानं मला दंडाला धरून गुडघाभर पाण्यात नेलं. मी मडकं वाकडं केलं. लाट परत आली आणि राख घेऊन आली. माझ्या पायांना चिकटली, धोतराला चिकटली. मी हातानं पाणी पुढं ढकलत राहिलो. पुढं जा म्हणत होतो का काय, मला आठवत नाही. मुलगा म्हणतो, तुम्ही तिला हाक मारत होता. मग काही उरलं नाही, पण पायाला होती तेवढी होतीच.

घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय आत जात नाहीत. सुनेनं न्हाणीघरात बादली भरून ठेवली होती. बाहेरनं म्हणाली, आप्पा, लवकर करा, नळाचं पाणी जाईल. मी पाटावर बसलो. पोटऱ्यांवर राख वाळून पांढरी झाली होती, समुद्राच्या मिठासकट. तांब्या भरला आणि हात थांबला.

दार किलकिलं करून मी मुलाला विचारलं, हे पाणी कृष्णेचं आहे का रे?

तो दाराबाहेरच उभा होता. म्हणाला, “सांगता येत नाही, आप्पा. तलावाचं असतं, कालव्याचं असतं, समुद्राचं गोड केलेलंही येतं. सगळं मिसळून सोडतात.”

मी बरं म्हणालो. दार लावलं आणि तांब्या हळूहळू पायावर ओतला.