निवृत्तीची रंगीत तालीम

आमच्या जिन्यात समोरच्या गृहस्थांना सगळे ‘वेळापत्रक’ म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांनाही ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही. बस डेपोत एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: कुठली गाडी किती वाजता सुटणार, तिच्यावर चालक कोण, वाहक कोण, ते ठरवायचं. घाईत कुणी विचारलं, की डोळे मिटून सांगतील, सातनंतरची पुढची गाडी सात बावीसला. आणि ती सात बावीसलाच येते.

तर या माणसाने स्वतःच्या निवृत्तीचाही तक्ता केला, यात नवल ते काय? डेपोने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली होती. दोन वर्षं आधी घरी बसा, एकरकमी पैसे घ्या. अर्ज शनिवारी दुपारी बारापर्यंत. नंतर खिडकी बंद, पुन्हा योजना नाही. वेळापत्रकांनी तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. डावीकडे पैसा: पेन्शन, ठेवीचं व्याज, औषधपाण्याला वेगळी रक्कम, घर दुरुस्तीला वेगळी. मुलगी आपल्या पायांवर उभी, कर्ज शून्य. उजवीकडे दिवस: सहाला फिरणं, आठला पेपर, आणि दहा ते एक सुतारकाम.

सुतारकाम हा सगळ्याचा गाभा. डेपोतल्या त्यांच्या टेबलाचा खण एकतीस वर्षं अडकतोय. रोज सकाळी गुडघ्याने ढकलायचा, संध्याकाळी शिव्या घालून बंद करायचा. एका बोटाने, आवाज न करता सरकेल असा खण आपल्या हाताने बनवायचा, हे त्यांचं स्वप्न. हसू नका. लोकांची स्वप्नं याहून फालतू असतात. रंधा, करवत, पटाशी, सगळं सहा वर्षांपासून पलंगाखाली जमत होतं.

पण माणूस हाडाचा डेपोवाला. नवा मार्ग सुरू करण्याआधी रिकामी गाडी फिरवून बघायची, हा तिथला नियम. म्हणून बुधवार ते शुक्रवार रजा टाकून त्यांनी निवृत्तीची रंगीत तालीम ठेवली.

बुधवारी दहाला पाच कमी असताना ते फळी घेऊन पुढच्या खोलीत आले. तिथे सहा शिलाई मशीनं आणि सात मुली. बायकोचा शिवणक्लास.

“अगं, आज क्लास आहे?”

“अहो, आज बुधवार आहे. क्लास असणारच,” बायको म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, तरी शब्द स्वच्छ.

“काका, बसा ना, हातशिलाई शिकवू?” एक मुलगी म्हणाली, आणि सातही जणी मशीनवर वाकून खुदखुदल्या.

काका गॅलरीत गेले. गॅलरी एवढी, की फळी आडवी धरली तर माणूस बाहेर आणि माणूस आत धरला तर फळी बाहेर. गुरुवारी त्यांनी हट्टाने खोलीच्या कोपऱ्यात बैठक मारली. रंधा छान चालला. भुसा त्याहून छान उडाला. एका मुलीने आठ दिवस खपून शिवलेला पांढराशुभ्र फ्रॉक हँगरला होता. पंख्याने आपलं काम चोख केलं. मुलगी रडायला लागली, वेळापत्रक ओल्या फडक्याने फ्रॉक पुसायला गेले, आणि भुसा होता तिथे पिवळे डाग झाले.

“ठेवा ते फडकं खाली!” बाई ओरडल्या. क्लासच्या अठरा वर्षांत त्यांचा आवाज पहिल्यांदा जिन्यापर्यंत आला. ऐकायला आम्ही होतोच म्हणा.

संध्याकाळी नवं कापड आणून दिल्यावर वेळापत्रकांनी तक्ताच पुढे केला. “हे बघ. सगळं बसवलंय मी. तुलाच समजून घ्यायचं नाहीये.”

बाईंनी चष्मा लावला. कपड्याचं माप घ्यावं तसा तक्ता वरून खाली पाहिला आणि बोट ठेवलं. “हे काय? जमेत माझ्या क्लासचे पैसे.”

“मग? धरायला नकोत?”

“धरा की. आणि इथे, दहा ते एक, पुढच्या खोलीत तुमचं सुतारकाम. अहो, एक गाडी दोन मार्गांवर लावलीत.”

वेळापत्रकांचा चेहरा पडला. नवख्या कारकुनाने ही चूक केली तर ते दिवसभर त्याच्याशी बोलत नसत. क्लास ठेवला तर खोली नाही. क्लास बंद केला तर डावीकडची बेरीज कोसळते. आणि क्लास बंद करायचा का, हे तिला कुणी विचारलं होतं?

शुक्रवारभर ते जागा शोधत पायपीट करत होते. वाहनतळाचा कोपरा मागितला, तर इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, “आज तुम्ही रंधा आणाल, उद्या कुणी म्हैस आणेल.” गल्लीतल्या गाळ्याचं भाडं ऐकून ठेवीचं व्याजच लाजलं. मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही मोबाईलवर काहीतरी शिका ना, त्याला जागा लागत नाही.” त्यांनी फोन कट केला.

शनिवारी साडेअकराला ते अर्ज घेऊन खिडकीपाशी उभे होते. सही केलेली होती. पुढचे चार जण अर्ज देऊन, हसत, हात मिळवून गेले. यांची पाळी आली तेव्हा बारा वाजायला सहा मिनिटं होती. त्यांनी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. मग त्याच्या मागच्याला. बाराला खिडकी बंद झाली.

घरी येऊन ते चपलांसकट खुर्चीवर बसले.

“दिलात?” बायकोने विचारलं.

“नाही. आता दोन वर्षं मर मर मरतो. झालं समाधान?”

“माझं कशाला समाधान? मी नका देऊ म्हटलं होतं?”

नव्हतं म्हटलं. तेच तर झोंबत होतं. थोड्या वेळाने त्यांनी घुश्शातच कागद ओढून आठवड्याचे रकाने आखले. “सांग. नीट सांग. मंगळवारी क्लास किती वाजता सुटतो?”

“मंगळवारी क्लास नसतो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. अठरा वर्षं झाली. मंगळवारी मी पोहायला जाते, मग मैत्रिणीकडे जेवते, पाचला येते.”

“पोहायला?” वेळापत्रकांना तिला पोहता येतं हेच माहीत नव्हतं. “आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुमची सुट्टी रविवारी. मंगळवारचं कधी विचारलंत?”

म्हणजे दर मंगळवारी पाचपर्यंत पुढची खोली रिकामी. डेपोतल्या चारशे माणसांच्या साप्ताहिक सुट्ट्या तेच लावतात. स्वतःची रविवारऐवजी मंगळवारी लावायला त्यांना पेन्सिलीची एक रेघ पुरली असती, आणि ती रेघ सहा वर्षांपूर्वीच ओढता आली असती. त्यांनी पेन्सिल उचलली, टेबलावर आपटली. टोक मोडलं.

“आता टोकयंत्र कुठे ठेवलंय, तेही मीच सांगू?” बाई म्हणाल्या.