ताईची तालीम

जालन्याच्या एका बियाणे कंपनीने मला मुलाखतीला बोलावलं होतं. आधीच्या दोन मुलाखतींत माझी अशी बोबडी वळली होती, की स्वतःचं शिक्षण सांगतानाही मी अडखळलो. हीही हुकली तर बाडबिस्तरा बांधून पुणं गाठावं लागणार होतं, आणि मला जालन्याजवळचं आमचं बदनापूर सोडायचं नव्हतं.

घरात मुलाखतीचा अनुभव कोणालाच नव्हता. ताईला मात्र दांडगा अनुभव होता, तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा. तिचं लग्न अजून जमायचं होतं. तिने रोज माझी तालीम घ्यायचं ठरवलं. सतरंजी अंथरून आईला आणि दादांना, म्हणजे वडिलांना, पाहुणे म्हणून बसवलं आणि माझ्या हातात पोह्यांची ताटली देऊन मला आतून यायला लावलं.

"ताई, तिथं फाईल असते."

"आधी पोहे न सांडता आण, मंग फाईल धर."

दादा तर भूमिकेत इतके शिरले, की पोहे खाऊन वर चहा मागू लागले.

"घाबरून कशाला राह्यलास?" ताई म्हणाली. "जोरात बोलणाऱ्याला बी सावकाश उत्तर द्यायचं. बिलकुल जल्दी न्हाई. आन् तू बी एक प्रश्न विचार. तू बी त्येंला बघून राह्यलास, हे कळू दे."

मुलाखतीला समोर तिघे होते. मधल्याने माझी फाईल न उघडताच बाजूला सारली. "तुमच्यापेक्षा हुशार पोरं बाहेर बसलीत. तुम्हालाच का घ्यावं?"

पुन्हा बोबडी वळायची वेळ आली. मग वाटलं, हा तर थेट ताईला बघायला आलेला जाफराबादचा पाहुणा, पुरणपोळीची परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारणारा! मला हसू फुटता फुटता राहिलं आणि भीती पळाली.

"त्यांनाही जरूर बघा, साहेब," मी सावकाश म्हणालो. "मला बियाण्याच्या उगवणीबद्दल विचारा." त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मग मीच विचारलं, "या जागेवरचा आधीचा माणूस का गेला?" तिघे एकमेकांकडे बघू लागले.

उठताना मात्र सवय नडली. तालमीत रोज म्हणायचो तेच हात जोडून म्हणालो, "येतो. पसंती कळवा."

तिघेही खो खो हसले. मी कसंबसं दार गाठलं.

आठवड्याच्या आत फोन आला, निवड झाली. दादांनी पेढे आणले. सगळ्यांत जास्त ताई नाचली.

"चांगले लोक हायेत रे," पेढा खाता खाता ती म्हणाली. "लगेच कळवलं. मला तर न्हाई म्हणायला बी कोणी फोन करत न्हाई."

ती हसतच होती. मीही हसायला गेलो, पण मला रडू आलं.