लिवलंय ते गिरणीवर येऊन वाचा

चांगुणा मावशीनं सख्ख्या नवऱ्याला गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून हाकललं आणि त्या रागानं श्रीमंतकाका घर सोडून सुप्याला निघून गेले, अशी बातमी आमच्या गावात अजून फिरते. सांगणारा आधी इकडंतिकडं बघतो, आवाज खाली घेतो, "आपल्याला काय करायचंय म्हणा" असं म्हणतो, आणि मग सगळं सांगतो.

खरं असं आहे. श्रीमंतकाका सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहेत. तिथंच खोली करून राहतात, सुट्टीला गावी येतात, आणि हे ग्रुप निघायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. ग्रुपमधून ते बाहेर पडले ते स्वतःच्याच अंगठ्यानं. कुणीतरी टाकलेला बैलाचा फोटो मोठा करून बघायला गेले आणि भलतंच काहीतरी दाबून बसले. मग बरेच दिवस त्यांना वाटत होतं, गावात सगळं कसं शांत चाललंय. मावशीनं परत आत घेतलं तेव्हा त्यांचा पहिला मेसेज आला, "बैल कितीला गेला?"

मावशीनं आजवर कुणालाच काढलेलं नाही. पण तिनं एकाला काढावं म्हणून अर्धं गाव तिच्या गिरणीवर उलटलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कानांनी तर जास्तच.

मावशी ॲडमिन कशी झाली, तेही सांगते. 'आपलं गाव, आपली चर्चा' या ग्रुपवर तिला घेतलं होतं ते लायटीपुरतं. गिरणीला लागणारी थ्री फेज लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ती आवाजी मेसेज टाकायची, "लाईट आली हाय! दळणं आणा! बाजरीवाल्यांनी आधी या!" मागून गिरणीच्या पट्ट्याचा फटफट आवाज. मग निवडणुका आल्या आणि कुणीतरी उठवून दिलं की ग्रुपवर काही वेडंवाकडं आलं तर पोलीस आधी ॲडमिनला उचलतात. झालं. एकेक ॲडमिन गुपचूप पायउतार झाला. शेवटच्यानं जाता जाता मावशीला ॲडमिन करून टाकलं. "बाईमाणसाला कोण धरतंय?" म्हणाला.

गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून तिला खालच्या पट्टीत बोलताच येत नाही. गिरणी बंद असली तरी ती शेजारच्या माणसाशी कालव्यापलीकडच्या माणसासारखी बोलते. भुवयांवर कायम पीठ, त्यामुळं वय कळत नाही. फोन तोंडापासून हातभर लांब धरून त्याच्यावर ओरडते. टाईप करायचा तिला कंटाळा.

तिनं ग्रुपला एक नियम लावला, तो रामहरी सरांमुळं. सर झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांनी एकदा टाकलं की किरणं मारलेला कांदा खाल्ला तर रक्त नासतं आणि हे शास्त्रज्ञांनी जनतेपासून लपवून ठेवलंय. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या पार्थदादानं लिहिलं, "सर, त्यानं फक्त कोंब येत नाहीत." त्यावर सरांनी "कालची पोरं" पासून सुरुवात केली आणि दुपारपर्यंत प्रकरण एकमेकांच्या खानदानापर्यंत गेलं. तेव्हा मावशीचा आवाज आला, "सर, पार्थ, दोघंबी गिरणीवर या. लिवलंय ते एकमेकांच्या तोंडावर वाचा. फोनमदी लई शूर झालेत!"

सर आले. चष्मा लावला, घसा साफ केला, झेंडावंदनाच्या आवाजात वाचायला लागले. पार्थदादानं मधेच विचारलं, "कोणत्या शास्त्रज्ञांनी लपवलं, सर?"

"त्याचं असं आहे... मला जे प्राप्त झालं, ते मी केवळ अग्रेषित केलं."

"म्हंजे उष्टं वाढलं आमाला," मावशी म्हणाली.

तेव्हापासून नियम झाला. जे ग्रुपवर लिहाल ते गिरणीवर येऊन त्या माणसासमोर वाचायचं. निम्मी भांडणं तिथंच मरायची. रात्री "लाज असेल तर उत्तर दे" असं लिहिणारा सकाळी येऊन म्हणायचा, "काय मग, ऊस गेला का?" मावशी पट्ट्याचा आवाज चिरून ओरडायची, "ते न्हाई! लिवलेलं वाच!"

मग तो डिसेंबर आला. सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. आमच्याकडं लाल कांदा काढणीला आलेला होता, आणि लाल कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. बाजारात भाव कोसळले. ग्रुपवर दिवसभर आगीचे लोळ. मंत्री, व्यापारी, शहरात बसून खाणारे, सगळ्यांचा उद्धार झाला. आणि त्यात शनिवारी सकाळी अजिनाथचा मेसेज आला.

अजिनाथ पाथर्डीकडचा. आईबाप कारखान्यावर ऊसतोडीला यायचे, हा लग्न करून इथंच राहिला, कालव्याच्या कडेला. जमीन नाही. टेम्पोत गोण्या भरतो, त्याची बायको ज्योती कांदा काटायच्या, म्हणजे पात छाटायच्या, टोळीत जाते. तोवर ग्रुपवर त्यानं 'शुभ सकाळ' आणि गुलाबाची फुलं यापलीकडं काही टाकलेलं नव्हतं. त्यानं लिहिलं:

"राग येऊ द्या. पण आम्ही कांदा विकत खातो. महाग झाला की आमच्या घरी बिनकांद्याचं कालवण होतं. बंदीनं स्वस्त झाला तर आमच्यासाठी बरंच आहे."

कुणीतरी टाईप करतंय असं दिसायचं आणि थांबायचं. मग बन्सीबापूंचा मेसेज पडला. गावात सगळ्यात जास्त कांदा बापूंचा.

"ज्याच्या शेतात राबून पोट भरतो त्याच्याच पोटावर पाय देणारी अवलाद. ह्याला ग्रुपमध्ये जागा नाही, गावात काम नाही. ॲडमिनने दिवस मावळायच्या आत ह्याला काढावं. नाहीतर गिरणीवर आमचं दळण येणार नाही."

खाली अंगठ्यांची रांग लागली. आणि हे नुसतं रुसणं-फुगणं नव्हतं. आमच्याकडं काम ग्रुपवरच पुकारतात. "उद्या काढणीला माणसं पायजे", "टेम्पो भरायला दोघं या", सगळं तिथंच. ग्रुपमधून गेला तो कामातून गेला. ज्योतीला तर टोळीच्या मुकादमानं सकाळीच सांगून टाकलं, "तू उद्या येऊ नको. बापूंचं मिटू दे."

मी बाजरीचा डबा घेऊन गिरणीवर गेले तर ओट्यावर एक डबा नाही. शनिवारी तिथं उभं राहायला जागा नसते. मावशी रिकाम्या गिरणीकडं पाठ करून बसली होती आणि समोर अजिनाथ उभा होता.

"मुडद्या, माझाबी कांदा हाय शेतात!" ती त्याच्यावर ओरडत होती. "सडंल तो आता! तुला स्वस्त पायजे व्हय? ये, फुकट घेऊन जा!"

"मावशे, मी खोटं लिवलं का?"

"खरं लिवलं म्हनूनच तर तळपायाची आग मस्तकाला गेलीय!"

"मग काढून टाक मला. तुझी गिरणी बंद पडायची माझ्यापायी. ज्योतीबी म्हणती, मेसेज पुसून टाक, पाया पड बापूच्या."

"मग पुसतो का?"

"न्हाई," अजिनाथ म्हणाला. "पुसला तरी कालवणात कांदा कुठं येतोय?"

मावशीनं त्याच्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता हाणते. पण म्हणाली, "मग मीबी काढत न्हाई. माझा राग माझा हाय. ग्रुप काय माझ्या बापाचा न्हाई."

थोड्या वेळानं रामहरी सर आले. हात मागं, पावलं सावकाश, शाळा तपासायला आल्यासारखे. "बाई, व्यक्तिस्वातंत्र्य ही फार मोठी गोष्ट आहे, मी स्वतः त्याचा पुरस्कर्ता आहे," सर म्हणाले. "परंतु. प्रत्येक स्वातंत्र्याला एक परंतु असतो. मी एक मध्यममार्ग सुचवतो. फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकेल अशी सोय फोनमध्ये असते. सर्वांचंच तोंड बंद. प्रश्नच मिटला."

"आन् मग चर्चा कुनाशी करू? लायटीशी?"

सर "बघा बुवा" म्हणून निघून गेले. समोरच्या चहाच्या टपरीवर अंगठेवाली मंडळी जमायला लागली होती. कुणी इकडं येत नव्हतं, पण सगळ्यांची तोंडं इकडंच. मावशीनं फोन हातभर लांब धरला. पट्टा बंद होता, त्यामुळं तिचा आवाज टपरीपर्यंत दोनदा ऐकू गेला, एकदा तोंडातून आणि एकदा त्यांच्या फोनमधून.

"बन्सीबापू! लिवलंय ते गिरणीवर येऊन अजिनाथच्या तोंडावर वाचा. सगळं. मग त्यो काय म्हनतो ते ऐका. मग तुमच्या तोंडानं म्हना, काढ. तिथल्या तिथं काढते. न्हाईतर दळन कुठंबी न्या!"

मी तिच्याजवळ सरकले. "मावशे, बापू आले आणि खरंच वाचलं तर?"

"तर वाचलं."

"आणि काढ म्हणाले तर?"

"तर काढावं लागंल. शब्द दिलाय."

अजिनाथ गिरणीच्या दाराला टेकून उभा राहिला, ज्योतीचा फोन येत होता तो कापत.

बापूंची मला खात्री होती. बापू बांधावर गरजतात, पण तोंडावर माणूस आला की "अरे तसं नव्हं रे" वर येतात, हे मी कितीदा ऐकलंय, त्यांची नक्कल करून दाखवलीय. मी म्हटलं, "मावशे, बापू यायचेच नाहीत. आले तरी दोन शब्दांच्या पुढं वाचायचे नाहीत. चहा मागतील."

"आख्खं वाचतील," मावशी म्हणाली. "आन् काढ म्हनायचे न्हाईत."

"लाव पैज!"

"लावली. तू हारलीस तर ह्या बंदीवर तुझं सोताचं मत ग्रुपवर लिवायचं. तुझ्या नावानं. दिवसभर ह्याचा आवाज काढ, त्याचा आवाज काढ करत फिरती. तुझा कसा हाय ते तरी ऐकू दे गावाला."

"आणि मी जिंकले तर?"

"तर वरीसभर तुझं दळन फुकट."

दिवस कलायला लागला. बापूंची मोटरसायकल आली. टपरीवरचा गलका एकदम बसला. बापू उतरले, गाडीला अडकवलेला डबा तसाच राहू दिला, टोपी सारखी केली आणि सरळ अजिनाथच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. हातभर अंतर. फोन काढला. मी वाट बघत होते, आता म्हणतील "काय रे अजिनाथ."

"ज्याच्या शेतात राबून पोट भरतो," बापूंनी वाचलं, "त्याच्याच पोटावर पाय देणारी अवलाद."

आवाज चढवला नाही. मला बापूंचा हा आवाज ठाऊकच नव्हता. पुढचंही सगळं वाचलं, एकेक शब्द, मध्ये मध्ये वर बघत. "गावात काम नाही" ला थांबले नाहीत. अजिनाथनं मुठी वळल्या होत्या आणि एक क्षण मला वाटलं, आता हात उठणार. कुणाचा, ते मात्र कळत नव्हतं.

"झालं," बापू म्हणाले. "बोल आता."

अजिनाथनं मुठी सोडल्या. "अवलाद म्हणले ते माघारी घ्या, बापू. माझा बाप मेला तुमच्याकडच्या कारखान्याला ऊस तोडून. बाकी तुमचं नुकसान झालंय, मला दिसतंय. तुमच्याच गोण्या मी भरतो. पण मी लिवलं ते माझ्या घरातलं लिवलं. ते मी बदलायचो न्हाई. काम द्या नायतर नका देऊ."

मावशीनं फोन हातात घेतला होता. अजिनाथचं नाव उघडलेलं, अंगठा वर धरलेला. "बापू, म्हना."

बापूंनी मान वळवली ती टपरीकडं. "या की हिकडं!" ते ओरडले. "अंगठे दाखवनारे! या, उभं ऱ्हा माझ्यासंगं! वाचा तुमीबी!"

टपरीवर सगळ्यांना एकदमच चहा गरम लागायला लागला. कुणी फुंकर मारतोय, कुणी चपलेत पाय शोधतोय. एक जण फोन कानाला लावून "हां, हां, बोला" करत पलीकडं चालता झाला. त्याचा फोन वाजलेलाच नव्हता.

कुणी पुढं येईना, तसे बापू अजिनाथकडं वळले.

"अवलाद माघारी," म्हणाले. "बाकी एक शब्द न्हाई. ह्या साली माझ्या शेतात तू पाय ठेवायचा न्हाई."

"न्हाई ठेवत."

"चांगुणाबाई, राहू दे ह्याला. ह्याला काढलं तर भांडू कुनाशी? त्यांच्याशी?" आणि त्यांनी जाऊन गाडीवरचा डबा सोडला, ओट्यावर आदळला. "बाजरी हाय. जाड दळू नको."

मावशीनं बटन दाबलं. पट्टा फटफट करत फिरायला लागला आणि मग कुणाचंच काही ऐकू येईना.

अजिनाथला बापूंनी त्या हंगामात खरंच कामाला सांगितलं नाही. ज्योती दुसऱ्या टोळीत गेली. अजिनाथ ग्रुपवर आहे, बापू आहेत, आणि दोघांची जुंपली की गाव आता अंगठे जरा जपून दाखवतं.

पैज मी हरले. मावशीनं दुसऱ्या दिवशीपर्यंतसुद्धा थांबू दिलं नाही. माझी बाजरी दळून होईपर्यंत ओट्यावर बसवलं. मी लिहायला घेतलं तर पहिल्या ओळीत बापू आले, दुसरीत सर. खोडलं. पुन्हा लिहिलं, तर अजिनाथ आला. तेही खोडलं. शेवटी चार ओळी उरल्या, त्या कुणासारख्याच वाटेनात. डोळे मिटून पाठवल्या.

"गेलं का?" मावशीनं विचारलं.

"गेलं."

"मग डबा ठेव खाली आन् बस. कोन येतंय तुझ्याकडनं वाचून घ्यायला, बगू."