इमानानं सव्वा तास

कॅनडाच्या पार उत्तरेला, एका आडगावातल्या छोट्या दवाखान्यात मी नर्स आहे. बऱ्याच वर्षांनी सुट्टी काढून पुण्याजवळच्या भरे गावी घरी आले, तर चुलत्याने माझं लग्न जवळजवळ ठरवूनच ठेवलेलं. मुलगाही तिकडचाच, उत्तरेतल्याच दुसऱ्या एका गावात खाणीवर इंजिनिअर.

"दोन्ही गावं शेजारी-शेजारीच हायेत," चुलता मोबाइल नाचवत म्हणाला. "हे बघ, इमानानं सव्वा तास. हितनं पुण्यात जायला त्याच्यापरीस जास्त लागतुया."

कुठल्याशा वेबसाइटवर दोन गावांची नावं टाकली की ती मधे सरळ रेघ मारते आणि विमानाला किती वेळ लागेल ते सांगते. त्या रेघेवरून विमान जातं का, हे तिला कोण विचारतो? मी सांगितलं, आमच्या दोन गावांमध्ये ना विमान ना रस्ता. आधी दक्षिणेला मोठ्या शहरात जायचं, तिथे मुक्काम, मग दुसरं विमान, मग तिसरं. हवा बिघडली की आहे तिथेच बसायचं. चुलत्याने माझ्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं आणि मोबाइलवर विश्वास ठेवला. जमिनी विकून बसून खाणारा माणूस. नकाशावर जवळ दिसलं की त्याचा सौदा पक्का. माझं डोकं तेव्हाच तापलं होतं.

रविवारी मुलाचे आईवडील पौडहून आले. मुलगा व्हिडिओ कॉलवर. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता.

"नोकरी सोड असं कोण म्हणतंय? सुट्टीला येत-जात ऱ्हाईल की," त्याची आई म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी फोनकडे वळले. "मी परत गेले की एखाद्या शनिवारी माझ्याकडे जेवायला या. सव्वा तासच तर आहे."

तो हसला. बिचाऱ्याला कोणी पढवलं नव्हतं. "शनिवारी कसं जमेल? तीन विमानं बदलावी लागतात. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. आठवडाभर रजाच टाकावी लागेल."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? आता विषय संपला असं मी धरून चालले होते, तेवढ्यात आई बोलली. परकी कुणी नाही, माझी आई.

"मग काय झालं? तिला कुटं सारखी ये-जा करायचीय? एकदाच तर जायचंय."

सगळ्यांचे चेहरे खुलले. माझी नोकरी सुटणार हे त्यांनी कधीच धरून ठेवलं होतं. सव्वा तासाचं गाजर फक्त माझ्यासाठी होतं.

पाहुणे गेल्यावर मी आईवर तुटून पडले. तीही मागे हटली नाही.

"लई शिकलीस म्हनून आईला शिकवतीस? मी न्हाई आले ताम्हिणीवरनं? एकदाच आले! आन् ताम्हिणी काय कॅनडात हाय व्हय? हितं तास-दीड तासावर तर..."

ती मध्येच थांबली. ती माहेरी शेवटची कधी गेली होती, मला आठवेना. तिलाही आठवत नसावं. तिला जवळ घ्यावं असं मला मुळीच वाटलं नाही.

"नकार तू कळवतेस का मी कळवू?" मी विचारलं.

तिने चुलत्याच्या हातातला मोबाइल ओढून घेतला आणि मला पौडला फोन लावायला सांगितलं.

"पोरगी न्हाई म्हणतीया," ती म्हणाली. फोन ठेवायच्या आधी पुन्हा म्हणाली, "आन् मीबी न्हाईच म्हणतीया."