पाठ लागली, त्याची चौकशी

अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यात जालन्यात काठी घेऊन निघालेल्या माणसाला कुणी ना कुणी थांबवून कुठं चाललास म्हणून विचारायचं. मी सतरा वर्षांचा होतो. तालमीतल्या लाठ्या वस्तादांनी माळ्यावर टाकल्या आणि वर कडबा रचला. लाठी बंद झाली, कुस्ती उरली.

कुस्तीतली शिकवण एकच. मान वळो, खांदा निखळो, पालथंच पडायचं. दोन्ही खांदे मातीला लागले की संपलं. वस्ताद हे रोज करून घेत.

दोनेक वर्षांनी मी बिनोट शिकायला जाऊ लागलो. बिनोट म्हणजे नुसत्या हातांनी किंवा रुमालानं समोरच्याचं हत्यार काढून घेण्याची विद्या. ती शिकवणारे एक म्हातारे उस्ताद बाजारामागं राहत. पहिला महिनाभर त्यांनी काही शिकवलं नाही. रोज एकच प्रश्न असे, "किसने भेजा?" मी पोलिसांचा माणूस असेन, असा त्यांना संशय होता. इकडे वस्तादांनी माझं उभं राहणं बदललेलं हेरलं.

"टाच उचलून उभा राह्यला तू. कुणाकडं जाऊन राह्यला?"

मी खरं सांगितलं. नवव्या दिवशी ते म्हणाले, "शिक. पण इथले डाव तिथं न्यायचे न्हाईत."

पुढे मनमाडला गाडी बदलून मी मुंबईला गेलो आणि मारामारीच्या चित्रपटांत नायकाच्या जागी पडण्याचं काम धरलं. तिथल्या मास्तरांची शिकवण नेमकी उलटी होती. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि अंग जमिनीला लागण्याआधी तळहात जोरात आपटायचा, म्हणजे धक्का हातात जिरतो. जिन्यावरून, घोड्यावरून, सज्ज्यावरून मी चार वर्षं तसा पडलो. पडद्यावर माझा चेहरा कधी दिसला नाही.

पाचव्या वर्षी सुट्टीवर आलो, तेव्हा मंठ्याच्या जत्रेत वस्तादांनी माझी जोड लावली होती. प्रतिस्पर्धी परभणीकडचा, माझ्याच वजनाचा. पाच-सहा मिनिटं बरोबरीत गेली. मग त्यानं धोबीपछाड घातला. मी त्याच्या खांद्यावरून गेलो आणि पाठ टेकण्याआधी माझा तळहात मातीवर आपटला. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

मग कुणीतरी ओरडलं, "नुरा!" म्हणजे आधी ठरवून हरलेली कुस्ती. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "कॅमेरा कुठं लपवलाय, पैलवान? आमचंबी थोबाड येऊ द्या त्यात!" लोक हसले. वस्ताद हसले नाहीत. हरणारा मल्ल धडपडतो, वेडावाकडा पडतो. मी बेतशीर पडलो होतो, हे त्यांनीही पाहिलं होतं.

नुरा खेळणाऱ्याला आमच्या भागात कुठल्याच तालमीची माती मिळत नसे, आणि त्याच्या वस्तादाच्या इतर पोरांनाही जोड मिळत नसे. कुस्ती खरी होती की नुरा, हा निकाल वस्तादांनी द्यायचा होता. परतीच्या बैलगाडीत ते माझ्याकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लंगोट लावून तालमीतल्या मातीच्या हौदात उभे होते. वय साठीच्या पुढं.

"उतर."

"वस्ताद, मी कुस्ती विकली न्हाई."

"तुझ्या तोंडाला इचारलं न्हाई म्या. उतर."

त्यांनी मला पाडलं. तळहात आपटला. पुन्हा पाडलं, पुन्हा तेच.

"पालथा पड की रे लेका! बारा वर्साचा व्हतास तवा पडत व्हतास."

मी ठरवून पालथा पडायला गेलो. अंगानं ऐकलं नाही. मग ते थांबले, दम खाल्ला आणि म्हणाले, "फावडं घे. माती सारखी कर." मी फावड्यासाठी वाकलो, तोच त्यांनी मागून पाय काढून घेतला. मला पत्ता नव्हता. तरीही तळहात आधी आपटला.

वस्ताद हौदाच्या कडेवर बसले.

"विकली न्हाईस," ते म्हणाले. "ठरवून पडणाऱ्याला आधी म्हाईत असतं."

मला वाटलं, चौकशी संपली. पण ते माझ्या हाताकडेच बघत होते.

"पण एक सांग. त्याचा खांदा तुझ्या पोटाखाली आल्ता, तवा तू झगडत व्हतास, का पडायच्या तयारीला लागला व्हतास?"

मला ते ठाऊक नव्हतं, आणि आजही खात्रीनं लिहिता येत नाही.

त्याच दिवशी त्यांनी जत्रेच्या पंचांना दोन निरोप धाडले. पोरगा खरा हाय, हा पहिला. याची जोड पुन्हा लावू नका, हा दुसरा. पहिल्यावर किती जणांनी विश्वास ठेवला, हे कळायला मार्ग नव्हता. दुसरा सगळ्यांनी पाळला.